घोडा कुणाचा? : फौजेतून आपल्या तोंडी आलेल्या शब्दांविषयी

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव यायच्या आधीच फ्लेक्स सुरू होतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, ‘भावी’ अमुक आणि ‘भावी’ तमुक. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वळणावर एक मोठा फ्लेक्स बरेच दिवस टिकला होता. मधोमध नेत्याचा फोटो, खाली तीसेक तरुणांचे पासपोर्टच्या आकाराचे फोटो आणि त्यांच्या डोक्यावर भगव्या अक्षरांत, ‘साहेबांचे निष्ठावंत शिलेदार’.

आमच्या गेटवर जे काका बसतात ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. गाव सातारा जिल्ह्यातलं. एकदा पार्सलवाल्याची वाट बघत मी गेटवर उभी होते. काका फ्लेक्सकडे बघत म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिता-वाचता म्हणून विचारतो. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा सोताचा, तोच ना?”

“हो, काका.”

“मग ह्यांचा घोडा कुठाय? साहेबांच्याच गाडीतनं तर फिरत्यात सगळी.”

मी हसले, पण मला थोडं लागलंही. कारण काही वर्षं मी एका न्यूज पोर्टलसाठी मथळे लिहायचं काम केलंय. ‘धोनीचे शिलेदार मैदानात’, ‘दादांचा बिनीचा शिलेदार फुटला’, ‘जागा दोन, इच्छुकांची भाऊगर्दी’ असे मथळे मी दिवसाला दहा पाडायचे. शब्द वजनदार वाटायचे, लोक क्लिक करायचे. घोडा कुणाचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. हा लेख म्हणजे काकांच्या त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

शिलेदार आणि बारगीर

शिलेदार हा फारसीतल्या ‘सिलाहदार’चा, म्हणजे शस्त्रधाऱ्याचा, मराठी अवतार. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यांची ती पागा.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढत चढत सरनोबतापर्यंत जाते. आमच्यासारख्या मथळेवाल्यांची पंचाईत होईल अशी एक गोष्ट त्यात आहे. महाराजांनी पागेचं बळ जास्त ठेवलं आणि शिलेदार पागेच्या ताब्यात दिले, कुणाला बंड करायला जागा राहू नये म्हणून. म्हणजे राज्याचा जास्त भरवसा बारगिरावर होता. शिलेदारावर नजर ठेवली जात होती, कारण घोडा त्याचा होता. घोडा स्वतःचा असला की माणूस उठून निघून जाऊ शकतो.

शिवाय घोडा हे भांडवल. लढाईत घोडा पडला की शिलेदाराच्या घरची चूल विझायची, तेव्हा तो घोड्याला जपणार हे उघड आहे. इंग्रजांनीही आपल्या हिंदी घोडदळात बराच काळ ही पद्धत चालवली आणि तिला सिल्लेदारी असंच नाव दिलं. पहिल्या महायुद्धाच्या प्रचंड खर्चापुढे ती टिकली नाही आणि युद्धानंतर मोडीत निघाली.

या हिशेबानं ‘निष्ठावंत शिलेदार’ ही जोडी जरा विचित्रच आहे. स्वतंत्र असणं ही शिलेदाराची ताकद आणि तोच त्याचा धोका. फ्लेक्सवरच्या पोरांचं तसं नाही. तिकीट साहेब देणार, गाडीचं डिझेल साहेबांचं, फ्लेक्सचा खर्चही बहुतेक साहेबांचाच. जुन्या भाषेत हे बारगीर. यात अपमान काहीच नाही, महाराजांच्या फौजेचा कणा तोच होता. पण बारगीर हा शब्द आपण फ्लेक्सवर लावत नाही. आपल्याला मान शिलेदाराचा हवा आणि सोय बारगिराची.

हा विसरलेला बारगीर सापडतो तो बंगालमध्ये. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावं लुटली. तिथं ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला आणि तो अंगाईगीतात जाऊन बसला. आजही तिकडची आई मुलाला झोपवताना बर्गी आल्याची भीती घालते. आपल्याकडे जो शब्द कोशात पडून आहे, तो त्यांच्याकडे पाळण्याशी ऐकू येतो. एखाद्या फौजेचा शब्द कुणाच्या आठवणीत कसा उरतो, हे ती फौज कुणाच्या दारात उभी होती यावर ठरतं. आपण घोड्यावर होतो, ते जमिनीवर.

भाऊगर्दी आणि बुणगे

निवडणूक आली की ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ येतेच. आमच्याकडे तर प्रत्येक फ्लेक्सवर प्रत्येक नावामागे ‘भाऊ’, त्यामुळे हा शब्द जणू मुळशी तालुक्यासाठीच तयार झाला असं वाटतं. मलाही शाळेत असताना तसंच वाटायचं, खूप भाऊ जमले की भाऊगर्दी.

यातला भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ. आणि जुन्या मराठीत गर्दी म्हणजे नुसती दाटी नव्हे. धामधूम, दंगल, कापाकापी असा तिचा अर्थ. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर जे झालं ती भाऊची गर्दी. हजारो माणसं मेली, त्याहून जास्त परागंदा झाली, महाराष्ट्रात घरोघरी सुतक आलं. आज तो शब्द एका तिकिटामागे धावणाऱ्या बारा जणांसाठी वापरला जातो. अडीचशे वर्षांत शब्द वाहून जाणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या शब्दात मेलेली माणसं आहेत हे एकदा कळल्यावर माझं मथळा लिहिणारं बोट थोडं अडखळायला लागलं.

खरी तक्रार दुसऱ्या एका शब्दाबद्दल आहे. ‘बाजारबुणगे’. कुठल्याही राजकीय पोस्टखाली तो दिसतो. समोरच्या पक्षाचे कार्यकर्ते म्हणजे बाजारबुणगे, साहित्य संमेलनाला जमलेले हौशे-नवशे म्हणजे बाजारबुणगे. लायकी नसलेली, खोगीरभरती माणसं, असा अर्थ.

बुणगे हा फारसी ‘बुनगाह’वरून आलेला शब्द. लष्कराचं जड सामान आणि ते वाहणारी, सांभाळणारी, न लढणारी माणसं म्हणजे बुणगे. लष्कराबरोबर चालणारा बाजार म्हणजे बाजारबुणगे. त्यात धान्य विकणारे वाणी, घोड्यांचा चारा आणणारे, नाल ठोकणारे, पखाली वाहणारे, स्वयंपाकी, शिंपी होते. पानिपतच्या मोहिमेत त्यांच्यासोबत बायका-मुलं होती आणि उत्तरेतली तीर्थं करायला निघालेले यात्रेकरूही होते. अब्दालीनं रसद तोडली, उपासमार सुरू झाली, आणि पुढे पराभवाची कारणं शोधताना एक बोट या माणसांकडे वळलं. एवढे बुणगे सोबत नसते तर, असं आपण शाळेपासून ऐकत आलो.

यात्रेकरूंना सोबत घेण्याचा निर्णय चुकीचा असेल. पण तो निर्णय यात्रेकरूंनी घेतला नव्हता. आणि बाकीच्यांशिवाय ती फौज चार मुक्कामसुद्धा पुढे गेली नसती. नाल नसलेला घोडा आणि पाणी नसलेला स्वार किती कोस जातो?

‘खोगीरभरती’चीही हीच गत. खोगीर नीट बसावं म्हणून त्यात चिंध्या, काथ्या, जे मिळेल ते भरतात, ती खोगीरभरती. आज तिचा अर्थ निरुपयोगी माणसांची भरती असा झालाय. पण भरतीशिवाय खोगीर घातलं तर घोड्याची पाठ सोलवटते, आणि पाठीला जखम झालेला घोडा कुणालाच बसू देत नाही. बुणगे आणि खोगीरभरती या दोन्ही शिव्या एकाच जागेवरून दिलेल्या आहेत, खोगिरावर बसलेल्या माणसाच्या जागेवरून. ज्यांच्या जिवावर तो बसला, त्यांचीच नावं त्यानं नालायकपणासाठी वापरली. आणि आपण, जे बहुतेक सगळे त्या बाजारातल्याच कुणाचे तरी पणतू-खापरपणतू आहोत, ती शिवी एकमेकांना देतोय.

हे शब्द छापील कोशात इतके ठासून का भरलेत, याचंही एक साधं कारण आहे. मराठीचा पहिला मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. तो करणारे मोल्सवर्थ आणि त्यांना साहाय्य करणारे कँडी बंधू हे कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी होते. छावणीचे शब्द त्यांच्या कानावर रोजचेच होते.

गारदी, कंपू, हुकूमदार

मराठी फौजेनं शब्द उधारही पुष्कळ घेतले. अठराव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रज पद्धतीनं कवायत शिकलेलं पायदळ इकडच्या राजांना हवंसं वाटू लागलं. त्या शिपायांना गारदी म्हणत. युरोपीय ‘गार्ड’चाच तो देशी उच्चार मानला जातो. पानिपतावर शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी याच पलटणींचा सरदार. पुढे १२ वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ला, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्या दिवसानंतर मराठीत गारदी म्हणजे मारेकरी. एका दुपारीत शब्दाचं आयुष्य उलटलं. राखणदाराचं नाव खुन्याला लागलं आणि इब्राहिमखानाची इमानदारीही त्याला वाचवू शकली नाही.

आणि आता बघा, तोच गार्ड इंग्रजीतून पुन्हा आमच्या गेटवर येऊन बसलाय. निळा शर्ट, शिटी, रजिस्टर. त्याला कुणी गारदी म्हणत नाही. कुणाला ते नातंच माहीत नाही.

दुसरा उधार शब्द कंपू. हा तर लिहिणाऱ्यांच्या जगातला रोजचा शब्द. अमुक कवींचा कंपू, तमुक मासिकाचा कंपू, कंपूबाजी, कंपूशाही. मूळ कंपू म्हणजे ‘कॅम्प’च्या घराण्यातला शब्द, आणि तो गाजला महादजी शिंद्यांमुळे. द बॉयन् या अधिकाऱ्यानं त्यांच्यासाठी युरोपीय धर्तीवर पलटणी उभ्या केल्या. तोफा, बंदुका, ठरलेला पगार आणि कवायत असलेलं ते दल म्हणजे कंपू. त्यात वेगवेगळ्या जातींची, धर्मांची, मुलखांची माणसं एका ठेक्यावर पाय टाकायला शिकली. आजच्या साहित्यिक कंपूत सगळे आधीपासूनच एकसारखे असतात आणि कवायत कुणीच करत नाही. एकमेकांच्या पुस्तकाला पाच तारे देणं एवढीच काय ती परेड. मी हे बाहेरून सांगत नाही, अशा दोन कंपूंत मीही राहून आलेय.

तिसरा शब्द मला काकांनी दिला. रात्री पहाऱ्यावरच्या संत्र्यानं अंधारात चाहूल लागली की ओरडायचं, “थम! हुकूमदार?” मी विचारलं, “काका, हुकूमदार म्हणजे कोण? हुकूम देणारा?” ते म्हणाले, “असंच वाटायचं आम्हालापण. मग एका साहेबानं सांगितलं, इंग्रज ओरडायचा, हू कम्स देअर. आपल्या माणसानं ऐकलं, हुकूमदार.” हाच प्रकार ‘रिक्रूट’चा, त्याचा रंगरूट झाला. न कळलेल्या आवाजातून शिपायानं ओळखीचा शब्द घडवला. ‘कोण आहे तिकडे’ या प्रश्नाचा त्यानं हुकमाचा माणूस केला. मला वाटतं, अंधारात उभ्या असलेल्या शिपायाला दोन्हींत फारसा फरक नसावा.

हुद्दे खाली उतरतात, आणि वरही चढतात

सैन्यातले हुद्दे नागरी भाषेत आले की बहुतेकदा घसरतात. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य अधिकारी. चाव्या त्याच्याकडे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हवालदार हटला नाही. आजच्या फौजेत तो दहाएक जवानांच्या सेक्शनचा नायक असतो, म्हणजे गोळीबारात ज्याच्या तोंडाकडे बाकीचे बघतात तो माणूस. आणि पुण्यात हवालदार म्हणजे? चौकात झाडामागे उभा राहून हेल्मेट नसलेल्यांना हेरणारा. सिनेमात तर तो ढेरपोट्या आणि शेवटी पोहोचणारा.

शिपाई एके काळी लढवय्या होता. शिपाईगडी, शिपाईबाणा हे शब्द अजून त्याची साक्ष देतात. आता शिपाई ऑफिसात चहा आणतो आणि शाळेत घंटा देतो. जमादार हा सैन्यातला अधिकारी होता. उत्तरेत आणि मुंबईत त्या शब्दाचा अर्थ झाडूवाला असा होत गेला. १९६५मध्ये भारतीय सेनेनं त्या हुद्द्याचं नाव बदलून नायब सुभेदार केलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला फौजेत लाडानं गणपत म्हणतात, जसा इंग्रज सैनिक टॉमी. हिंदी सिनेमानं मात्र गणपत हे नाव घरगड्याला नाहीतर हवालदाराला देऊन टाकलं.

सगळे शब्द असे खालीच येतात असं म्हणून मी हा भाग संपवणार होते, पण एक शब्द आडवा आला. सुभेदार. मल्हारराव होळकरांना सुभेदार म्हणत, तेव्हा तो अख्ख्या मुलखाचा मालक. इंग्रजी फौजेत तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खालचा देशी हुद्दा झाला. म्हणजे घसरलाच. पण रामजी मालोजी सकपाळ या माणसाच्या नावामागे तो लागला तेव्हा काय झालं बघा. गावात ज्या जातीला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्या महार समाजातला माणूस फौजेत शिकला, छावणीच्या शाळेत शिकवू लागला, सुभेदार झाला. त्यांच्या घरात १८९१ साली महूच्या छावणीत भीमराव जन्मले. पुढच्या एक-दोन वर्षांत सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. कारण प्रश्न नोकरीपुरता नव्हता. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला ज्या एका जागी हुद्द्यानं हाक मारली जात होती, ती जागा जात होती. आजही ‘सुभेदार रामजी’ हे शब्द अदबीनं उच्चारले जातात. होळकरांच्या दृष्टीनं खाली आलेला शब्द दुसऱ्या कुणासाठी वर चढण्याची पायरी होता.

देवळालीचा ताप

आपल्या मातीतून फौजी बोलीत गेलेला आणि जगभर फिरलेला सगळ्यात मोठा शब्द नाशिकजवळचा आहे. देवळाली. १८६१च्या सुमारास इंग्रजांनी तिथं छावणी केली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथं येऊन मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. सैन्य नेणारी जहाजं हिवाळ्याच्या काही महिन्यांतच सुटत. चुकीच्या महिन्यात नोकरी संपली तर महिनोन्‌महिने तिथंच बसून राहायचं. काम नाही, युद्ध नाही, घर नाही. ऊन, दारू, मलेरिया. कुणी भांडायचं, कुणी भ्रमिष्टासारखं वागायचं. त्याला शिपाई म्हणू लागले, ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे देवळाली. आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला आणि इंग्रजीत नुसतं ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला.

लंडनमध्ये एखादी आजी नवऱ्याला डूलाली म्हणते तेव्हा तिला नाशिक माहीत नसतं. पुण्यातली पोरं डूलाली म्हटलं की बिअर समजतात, कारण त्या नावाचा बिअरचा ब्रँड इथंच सुरू झाला. त्याच्या टॅपरूममधला टॅप नळाचा आहे, तापाचा नाही, पण शंभर वर्षांनी डूलालीशेजारी पुन्हा टॅप येऊन बसला याची मला गंमत वाटते. देवळालीत आता तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. आणि एका सुंदर हवेच्या गावाचं नाव जगाच्या एका भाषेत वेडाचा समानार्थी शब्द होऊन राहिलंय. बर्गीच्या वेळी जे आपण बंगालचं केलं, जवळपास तेच इथं आपलं झालं.

हे असं सगळीकडे होतं. भूगावातून रोज हिंजवडीला जाणारे माझे अर्धे मित्र ‘डेडलाइन’ हा शब्द दिवसातून वीस वेळा म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत कैद्यांसाठी एक रेघ ठरवलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. आता ती ओलांडली की मॅनेजरचा मेल येतो.

म्हणून काय, शब्दच वापरू नयेत? असं म्हणणारी मी नाही. प्रत्येक शब्दाचा जन्मदाखला मागत बसलो तर बोलणंच बंद होईल. डेडलाइन म्हणताना अँडरसनव्हिल आठवायची गरज नाही, कारण त्यातून आज कुणाचं नुकसान होत नाही. पण काही शब्द आजही कुणाच्या तरी डोक्यावर ठेवले जातात, मानाचे म्हणून नाहीतर अपमानाचे म्हणून. तिथं घोडा कुणाचा हे विचारायला हवं.

मावळा आणि वीर

बारा मावळांत पौड खोरंही मोजलं जातं. म्हणजे मावळात राहतो तो मावळा, या सरळ अर्थानं माझे शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचे मावळे आहेत. आता मात्र मावळा होण्यासाठी मावळात राहावं लागत नाही, बाइकला झेंडा लावला की झालं. उलट मूळच्या मावळ्यांतल्या कितीकांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत, आणि एखाद्या टॉवरच्या गेटवर त्याच घरातला पोरगा शिफ्ट करतो. त्याला मावळा म्हणत नाहीत. सोसायटीच्या अॅपवर तो ‘गार्ड २’ आहे.

पहाटे पाचला मानस तलावाच्या बाजूनं पोरं पळताना दिसतात. भरती करतायत, असं त्यांना म्हणतात. पोलीस नाहीतर आर्मी. सोळाशे मीटरचं टायमिंग हाच त्यांच्या गप्पांचा विषय. डोंगराच्या पलीकडे एनडीए आहे, पण तिथला रस्ता वेगळा, यांचा वेगळा. काकांचा भाचा यांतच आहे. इथं त्यांच्याकडे राहतो, पळतो, अग्निवीर व्हायचंय.

जून २०२२मध्ये ही योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान सेनेत कायम, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. योजना चांगली की वाईट यावर खूप वाद झाले आणि ते इथं उगाळायचे नाहीत. मी काकांना फक्त विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी चोवीस वर्षं काढली. भरती झालो तेव्हा आम्हाला साधं शिपाई म्हणत होते. ह्याला पहिल्या दिवसापासनं वीर म्हणणार. नाव आमच्यापेक्षा मोठं दिलंय, ताई. नोकरी तेवढी लहान केली.”

शिलेदाराबद्दल मी चार पुस्तकं उलटून जे शोधत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. नाव मोठं होतं तेव्हा आधी बघायचं की त्याच्याबरोबर काय दिलं जातंय आणि काय काढून घेतलं जातंय. जुन्या सरकारनं बारगिराला मोठं नाव दिलं नाही, घोडा दिला. भाच्याला नाव मिळेल. चार वर्षांनी घोडा परत करायचा, एवढं त्याला माहीत आहे आणि तरी तो रोज पहाटे पळतो, कारण दुसरा घोडा दिसत नाही.

मथळे लिहायचं काम मी सोडलंय. पण परवा एका मैत्रिणीच्या बातमीवर हात फिरवताना ‘शिलेदार’ दिसला आणि मी तिथं ‘समर्थक’ केलं. मथळा मिळमिळीत झाला. तिनं पुन्हा शिलेदार करून टाकलं.

वळणावरचा तो फ्लेक्स पावसात फाटला. आता तिथं दुसरा आहे, नेता वेगळा, पोरं बरीचशी तीच. संध्याकाळी आत शिरताना मी काकांना म्हटलं, “काका, तुम्हाला गार्ड म्हणणं मला बरं वाटत नाही. मी तुम्हाला हवालदारसाहेब म्हटलं तर चालेल?”

त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली आणि घाईघाईनं म्हणाले, “नको नको ताई. लोकांना वाटंल, हितं पावती फाडायला बसलोय.”